आधी लिंबू-सोडा थांबवा, मग दातांच्या रंगाचं बोलू

प्रश्न : माझं वय २६. लग्नाला अकरा आठवडे उरलेत. लहानपण यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी बोअरच्या पाण्यावर गेलं, आता नोकरीसाठी पुण्यात असते. दात पहिल्यापासून पिवळट आणि वरच्या समोरच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे. चहा दिवसाला चार-पाच वेळा होतो. मोबाइलवर पाहून तीन आठवडे रोज लिंबाच्या रसात खायचा सोडा कालवून दात घासले, मध्ये कोळशाची पावडरही लावली. सुरुवातीला छान वाटलं, आता गार पाण्याने कळ जाते. आजी म्हणते मशेरी लाव. पार्लरवाल्या ताई म्हणतात एका तासात पांढरे करून देतो. वरच्या एका दाताचा कोपरा कॉलेजात असताना तुटला, तिथे फिलिंग आहे. क्लिनिंगने दात हलायला लागतात असं ऐकल्यामुळे ते कधी केलं नाही. लग्नापर्यंत काय होऊ शकेल? आणि गावी भावाची दोन वर्षांची मुलगी तेच पाणी पिते, तिचेही दात असेच होतील का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, अकरा आठवडे पुरेसे आहेत, पण त्यातले पहिले दोन आठवडे दात पांढरे करण्याचं काहीही करायचं नाही. लिंबू, सोडा, कोळसा तिन्ही आजपासून बंद.

कारण समजून घ्या, म्हणजे पुन्हा कोणी सांगितलं तरी हात जाणार नाही. दाताचं वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, दुधी काचेसारखं अर्धपारदर्शक असतं. त्याच्या आतलं डेंटिन मुळातच पिवळसर. आपल्याला जो रंग दिसतो तो बराचसा या काचेतून डोकावणाऱ्या डेंटिनचा. काच जितकी पातळ, तितका दात पिवळा. सुळे शेजारच्या दातांपेक्षा नेहमीच पिवळे दिसतात, कारण त्यांच्यात डेंटिन जास्त. तो दोष नाही.

लिंबाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं जास्त आंबट) दोन ते अडीच असतो आणि इनॅमल साधारण साडेपाचच्या खाली विरघळायला लागतं. खायचा सोडा एकटा वापरला तर तो फारसा खरवडत नाही. पण लिंबात कालवला की दोघे एकमेकांना संपवतात. जो फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, दात उजळण्याशी त्याचा काही संबंध नाही. रस थोडा जास्त पडला की मिश्रण आंबटच राहतं आणि त्याने मऊ झालेल्या इनॅमलवर आपण ब्रश फिरवतो. सुरुवातीला छान वाटलं ते चहाचा थर निघाला म्हणून. पुढे पृष्ठभाग खरखरीत झाला, त्यामुळे चहाचे डाग आधीपेक्षा लवकर धरतात आणि इनॅमल झिजेल तसं आतलं पिवळं जास्त दिसतं. म्हणजे पांढरं करण्याच्या नावाखाली दात पिवळे होण्याची तयारी चालली होती. कोळसाही फक्त घासतो, रंग काढत नाही. वर त्याचे काळे कण हिरडीच्या कडेला आणि फिलिंगच्या सांध्यात अडकून बसतात. तुमच्या फिलिंगच्या कडेला काळी रेघ दिसत असेल तर हेही एक कारण असू शकतं.

झिजलेलं इनॅमल पुन्हा वाढत नाही. पण जे नुसतं मऊ झालंय ते लाळेतल्या कॅल्शियम-फॉस्फेटने आणि फ्लोराइडने बऱ्यापैकी घट्ट होतं. म्हणून हे दोन आठवडे. पाच टक्के पोटॅशियम नायट्रेट आणि सोबत फ्लोराइड असलेली, कळ कमी करणारी टूथपेस्ट आणा. ट्यूबवर बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते वाचून घ्या. वाटाण्याएवढी पेस्ट, मऊ ब्रश, सकाळी आणि रात्री दोन-दोन मिनिटं. घासून झालं की फेस थुंकायचा, चूळ भरभरून धुवायचं नाही, नाहीतर फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. जिथे कळ जाते तिथे झोपताना हीच पेस्ट बोटाने चोळून तशीच ठेवा. पोटॅशियम नायट्रेटचा परिणाम जाणवायला दोन आठवडे लागतात, चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. ब्रश पेनासारखा तीन बोटांत धरा. मुठीत धरला की जोर नकळत वाढतो. नव्या ब्रशचे केस महिनाभरातच फाकत असतील तर तुम्ही दात घासत नाही आहात, रगडताय. लिंबूपाणी, सोलकढी, संत्र, कोल्ड्रिंक यानंतर अर्धा-पाऊण तास ब्रश नको, साध्या पाण्याची चूळ भरा.

आजींचा मान राखून, पण मशेरी अजिबात नको. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. हिरडीतून निकोटिन सरळ रक्तात जातं, म्हणूनच ती लावल्याशिवाय अनेकींना सकाळी चैन पडत नाही. तंबाखू असलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर भारतात १९९२ सालीच बंदी आली. मशेरीने दात पांढरे होत नाहीत, उलट काळपट होतात, हिरडी खाली सरकते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका येतो. आजी स्वतः अजून लावत असतील तर त्यांनाही तपासणीला सोबत न्या. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काही असलं तर दंतवैद्याला आवर्जून दाखवा.

आता मूळ मुद्दा. तुमच्या तोंडात रंगाच्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींचा इलाज वेगळा आहे. चहाचा थर इनॅमलच्या वर बसलाय. तपकिरी पट्टे इनॅमलच्या आत आहेत. फिलिंग तर दातच नाही. एकाच उपायाने तिन्ही जातील असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आणि पार्लरमध्ये नेमकं तेच होणार आहे.

पहिल्या आठवड्यातच दंतवैद्याकडे जाऊन तपासून घ्या. कीड, तडा, हिरडीची सूज असेल तर ती आधी. किडक्या दातात ब्लीचिंगचं, म्हणजे दात पांढरे करण्याचं, जेल शिरलं की भयंकर ठणकतं. लगेच दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, कळ कमी झाल्यावर, क्लिनिंग करून घ्या. दात हलण्याची भीती सोडा. क्लिनिंगचं यंत्र कंपनांनी किटण सोडवतं, दात सोडवत नाही. वर्षानुवर्षांचं किटण दातांच्या फटींत सिमेंटसारखं बसलेलं असतं, ते निघालं की फटी मोकळ्या होतात आणि जिभेला दात सुटे लागतात. आधीच हाड झिजलेला दात किटणाच्या आधाराने उभा असेल तर त्याचं हलणं क्लिनिंगनंतर लक्षात येतं. ते हाड किटणानेच खाल्लेलं असतं. काम अर्ध्या-पाऊण तासाचं. शेवटी पॉलिशिंग करायला जरूर सांगा, नाहीतर खरखरीत पृष्ठभागावर चहा पुन्हा चिकटतो. पाच चहांचा थर यातच बहुतेक निघून जाईल आणि कदाचित तुम्हाला वाटेल की एवढंच पुरे आहे. तसं वाटलं तर खुशाल तिथेच थांबा.

पुढे जायचं असेल तर ब्लीचिंग. जेलमधल्या पेरॉक्साइडमधून सुटलेला ऑक्सिजन इनॅमलमधून आत झिरपतो आणि रंग देणाऱ्या मोठ्या रेणूंचे तुकडे करतो. तुकडे रंगहीन असतात. दात खरवडला जात नाही. तुमच्यासारख्या, आधीच कळ असलेल्या दातांना आम्ही घरी रात्री लावायचा ट्रेच सुचवू, म्हणजे जेल घालून दातांवर बसवायचा पातळ प्लास्टिकचा साचा. दवाखान्यात एका बैठकीत ३५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, त्याने त्याच दिवशी फरक दिसतो पण कळही जोरात येते. त्या वेळी दातांवर निळा दिवा धरतात, त्याचा वाटा त्यात फार थोडा. शिवाय तास-दीड तास तोंड उघडं राहून दात कोरडे पडतात आणि कोरडा दात खरा असतो त्यापेक्षा पांढरा दिसतो. पुढच्या काही दिवसांत तो जादा पांढरेपणा उतरला की फसवलं गेल्यासारखं वाटतं. ट्रेमध्ये दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड असतं, म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. हळू चालतं, पण शेवटी पोचतं त्याच ठिकाणी. १९८९ पासून ही पद्धत वापरात आहे.

ट्रे तुमच्या दातांचं माप घेऊन बनवलेलाच हवा. बाजारातला गरम पाण्यात मऊ करून चावायचा ट्रे सैल बसतो आणि जेल हिरडीवर गळतं. चौथ्या आठवड्यात सुरू करा. रात्री जेवण, ब्रश, फ्लॉस सगळं झाल्यावर ट्रेच्या समोरच्या भिंतीवर, आतून, प्रत्येक दाताच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढं जेल. हसताना जेवढे दात दिसतात तेवढ्याच जागी, साधारण आठ ते दहा. ट्रे बसवून हलकेच दाबा आणि हिरडीवर आलेलं जेल कोरड्या ब्रशने किंवा कापसाने पुसून काढा. बहुतेकांची चूक इथेच होते: जास्त जेल म्हणजे जास्त पांढरं असं वाटून ट्रे भरतात आणि सकाळी हिरडीची कड पांढरीफटक, चुरचुरणारी. तसं झालं तर ट्रे काढून भरपूर पाण्याने चूळ भरा, हिरडी पूर्ववत होईपर्यंत थांबा. सहसा एक-दोन दिवसांत होते. झोपेत सहा ते आठ तास ट्रे ठेवा, सकाळी काढून दात नेहमीसारखे घासा. ट्रे गार पाण्यानेच धुवा, गरम पाण्याने तो वाकडा होतो. उरलेलं जेल फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही.

आधी फक्त वरचे दात करा. खालचे तसेच राहिले की तुलनेला आरशात कायम नमुना असतो, नाहीतर रोजच्या रोज फरक कळत नाही आणि माणूस उगाच वाढवत नेतो. पहिल्या दिवशी आणि मग दर आठवड्याला सकाळी खिडकीजवळ, त्याच जागी, लिपस्टिकशिवाय फोटो काढा. डेंटिस्टनाही सुरुवातीचा रंग शेड गाइडवर, म्हणजे दातांच्या रंगछटांच्या पट्टीवर पाहून, नोंदवायला सांगा. वरच्यांना दोन ते तीन आठवडे लागतील, मग खालच्यांना तेवढेच. घाई असेल तर दोन्ही एकदम, पण कळ येण्याची शक्यता पाहता तुम्ही तसं करू नये असं आम्हाला वाटतं. रंग डोळ्यांच्या पांढऱ्या भागाशी जुळला की थांबायचं. त्यापुढे दात खडूसारखे दिसतात, चेहऱ्यापेक्षा दातच आधी नजरेत भरतात.

थोडी कळ येणारच. गार वारा लागला की क्षणभर सणक जाते, तेवढं चालतं. तशा वेळी एक रात्र आड करा, मधल्या रात्री ट्रेमध्ये जेलऐवजी तीच पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट भरून अर्धा तास ठेवा. पण एकाच दातात कळ टिकून राहिली, झोपेतून जाग आली किंवा गरम पदार्थाने ठणकायला लागलं तर जेल बंद करून दाखवायला जा, तो प्रश्न वेगळा असतो. ब्लीचिंग गरोदरपणात, अंगावर पाजताना आणि अठराच्या आतल्या मुलांना करू नये. मैत्रिणीला, धाकट्या बहिणीला तुमचं जेल देऊ नका.

पार्लरबद्दल स्पष्टच सांगतो. तिथे कीड तपासली जात नाही, हिरडी झाकली जात नाही, जेलमध्ये किती टक्के काय आहे ते बहुतेक वेळा लावणाऱ्यालाही माहीत नसतं. युरोपात २०१२ पासून ०.१ टक्क्याच्या वर आणि ६ टक्क्यांपर्यंतचं हायड्रोजन पेरॉक्साइड फक्त डेंटिस्टमार्फत द्यायचा नियम आहे, तोही अठरा वर्षांवरच्यांना. ऑनलाइन मिळणाऱ्या पट्ट्या आणि किटवर टक्केवारी छापलेली नसेल तर घेऊ नका. मेडिकलमध्ये जखमेसाठी हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली मिळते, ती कापसाने दातांवर चोळायचा सल्लाही फिरतोय. ते जेलसारखं जागेवर राहत नाही, हिरडी आणि गाल भाजू शकतात.

आता पट्टे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांत काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात. लहानपणी जास्त फ्लोराइड पोटात गेलं की जबड्यात तयार होणारं इनॅमल सच्छिद्र राहतं, ते आधी खडूसारखं पांढरं दिसतं आणि पुढे त्या छिद्रांत रंग शिरून तपकिरी होतं. डाव्या-उजव्या बाजूच्या जोडीच्या दातांवर सारखेच आडवे पट्टे असतील तर तुमचंही तेच असण्याची शक्यता मोठी. डेंटिस्ट नीट पाहून सांगतील. ब्लीचिंगने तपकिरी रंग बराच फिका होतो. पांढरे ठिपके असतील तर पहिले काही दिवस ते जास्तच उठून दिसतात. घाबरू नका, बाकीचा दात उजळला की त्यांच्यातलं अंतर कमी होतं.

तरीही पट्टे उरले तर मायक्रोअ‍ॅब्रेजन असतं. रबरडॅमने, म्हणजे रबराच्या पातळ पडद्याने, हिरडी झाकून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बारीक घासणारी पेस्ट मिळून इनॅमलचा वरचा दशांश मिलिमीटरच्या आसपासचा थर काढतात. हे दवाखान्यातच, घाईगडबडीने नाही. तुमच्या बाबतीत अडचण एवढीच की तीन आठवडे लिंबाने थोडा थर आधीच खाल्लाय. म्हणून डेंटिस्टना लिंबू-सोड्याचं न लाजता सांगा, त्यावर त्यांचा निर्णय बदलू शकतो. दुसरा मार्ग रेझिन इन्फिल्ट्रेशनचा: सच्छिद्र जागेत पातळ राळ जिरवतात, पांढरे डाग त्याने चांगले झाकले जातात. ते ब्लीचिंगनंतरच, कारण राळ भरलेल्या जागेत जेल शिरत नाही. पट्टे खोल आणि खड्डे पडलेले असतील तरच व्हिनियरचा, म्हणजे दातावर चिकटवायच्या पातळ आवरणाचा, विचार. त्यासाठी बहुतेक वेळा दात थोडे तासावे लागतात आणि तासलेला दात जन्मभर झाकूनच ठेवावा लागतो. लग्नाच्या तारखेकडे बघून २६व्या वर्षी हा निर्णय घाईने घेऊ नका.

फिलिंग ब्लीच होत नाही. आजूबाजूचा दात उजळला की जुना कोपरा पिवळा उठून दिसेल, तो नव्या रंगाशी जुळवून बदलावा लागेल. पण ब्लीचिंग संपल्यावर किमान दोन आठवडे थांबून. दातात उरलेला ऑक्सिजन नव्या फिलिंगची पकड कमकुवत करतो आणि रंगही तोपर्यंत स्थिरावलेला नसतो. कोपरा हळदीच्या दिवशी निघून हातात यायला नको. म्हणजे चौथ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत ट्रे, मग दोन आठवडे विश्रांती, दहाव्या आठवड्यात फिलिंग आणि उरलेल्या पट्ट्यांचं काम. मधे कळ आली आणि वेळ कमी पडतोय असं दिसलं तर खालच्या दातांचं ब्लीचिंग लग्नानंतर करा, फिलिंगची दोन आठवड्यांची विश्रांती कापू नका. शेवटचा आठवडा रिकामा राहू द्या. लग्नाच्या आदल्या दिवशी दातांवर काहीही नवीन नको.

चहा सोडा असं आम्ही म्हणणार नाही. दुधाचा चहा कोऱ्या चहापेक्षा कमी डाग धरतो, दुधातलं केसिन चहातल्या डाग पाडणाऱ्या टॅनिनला बांधून ठेवतं. लिंबाचा कोरा चहा सगळ्यात वाईट, कारण आम्ल आणि टॅनिन दोन्ही एकदम. कप समोर ठेवून तासभर घोट घोट घेण्यापेक्षा पाच मिनिटांत संपवा आणि वर दोन घोट पाणी. ट्रेचे आठवडे चालू असताना रश्श्याची भाजी, बीट, कोकम, पान जरा बेताने. माउथवॉश घेत असाल तर बाटली पाहा: क्लोरहेक्सिडिन असलेला दोन-तीन आठवडे रोज वापरला की दातांवर तपकिरी डाग पडतात. तो डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरताच. लग्नानंतर वर्षातून एकदा-दोनदा क्लिनिंग आणि ट्रे जपून ठेवा. वर्ष-दोन वर्षांनी रंग उतरल्यासारखा वाटला तर दोन-तीन रात्री जेल पुरतं.

तुमच्या भाचीचं मात्र लग्नाची वाट पाहत थांबू नका. पक्क्या दातांचं इनॅमल जबड्याच्या आत पहिल्या आठ वर्षांत तयार होतं आणि समोरच्या दातांसाठी पहिली तीन वर्षं सर्वांत नाजूक असतात. ती दोन वर्षांची आहे, म्हणजे आत्ता. दादांना सांगा, बोअरचं एक लिटर पाणी स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत भरून जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत फ्लोराइडसाठी द्या. बाटली काचेची नको. अहवाल येईपर्यंत तिच्या पिण्याचं, दुधात घालायचं आणि वरणभाताचं पाणी दुसऱ्या, तपासलेल्या स्रोताचं किंवा आरओचं असू द्या. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटून उलट वाढतं. तिच्या ब्रशवर पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच, आणि ती गिळत नाही ना, हे रोज कोणीतरी मोठ्याने शेजारी उभं राहून पाहावं.